गूना बेटांवरील पाहुणचार

दूरच्या बेटांविषयीं लिहिणाऱ्यांचे दोन वर्ग आढळतात. एका वर्गाला तेथील मनुष्य रानटी दिसतो व त्याला सुधारण्याची घाई होते. दुसऱ्या वर्गाला ती भूमि नंदनवन भासते व तेथील मनुष्य त्या नंदनवनांतील एखाद्या पांखरासारखा निष्पाप वाटतो. दोन्ही वर्गांच्या लेखनांत एक उणीव समान असते. त्या मनुष्याला स्वतःचें कांहीं मत असेल, आपल्या घरीं कोणीं यावें व कसें वागावें हें ठरविण्याचा त्याला अधिकार असेल, हा विचार त्यांच्या मनाला शिवत नाहीं. मध्य अमेरिकेंतील पनामा देशाच्या किनाऱ्यावर राहणाऱ्या गूना लोकांनीं हा अधिकार शंभर वर्षांपूर्वीं लढून मिळविला, व तो ते आजहि नित्य बजावतात. पाठीवर पडशी टाकून आम्ही तिघे त्यांच्या बेटांवर आठ दिवस राहून आलों. तेथें जें पाहिलें व समजून घेतलें तें वाचकांपुढें ठेवावें, एवढाच ह्या लेखाचा हेतु आहे.

प्रथम स्थळाची ओळख करून घेऊं. उत्तर व दक्षिण अमेरिकेला जोडणारी जी चिंचोळी भूमि, ती पनामा. तिच्या दक्षिणेस पॅसिफिक महासागर, उत्तरेस कॅरिबियन समुद्र. ह्या कॅरिबियन किनाऱ्याचा पूर्वेकडील भाग, कोलंबिया देशाच्या सरहद्दीपर्यंत दोनशे किलोमीटरांहून अधिक लांबीचा, ‘गूना-याला’ म्हणजे गूनांची भूमि म्हणून ओळखला जातो. मागें अरण्यानें झांकलेले डोंगर, पुढें प्रवाळांचीं सखल बेटें. बेटांची संख्या ३६५ सांगतात. वर्षाच्या प्रत्येक दिवसाला एक, असें नावाडी मोठ्या हौसेनें सांगतो. त्यांपैकीं सुमारें ५० बेटांवर वस्ती आहे. पुष्कळशा इतर बेटांवर नारळीच्या बागा आहेत. ह्या प्रदेशाची लोकसंख्या तीस हजारांच्या वर आहे, आणि शिवाय हजारों गूना पोटासाठीं पनामा शहरांत राहतात. जुन्या नकाशांत ह्या प्रदेशाचें नांव ‘सान ब्लास’ असें सांपडेल. ‘गूना-याला’ हें नांव त्या लोकांच्या स्वतःच्या उच्चाराप्रमाणें २०११ सालीं सरकारदरबारीं रुजू झालें.

गूना लोक मूळचे ह्या बेटांवरचे नव्हत. त्यांचे पूर्वज दारिएनच्या अरण्यांत व कोलंबियाच्या बाजूस राहत. स्पॅनिश लोकांशीं व शेजारच्या जमातींशीं झगडत ते हळूहळू किनाऱ्याकडे सरकले, आणि मुख्यतः एकोणिसाव्या शतकांत बेटांवर येऊन वसले. बेटांवर वारा खेळता असतो, डांसांचा उपद्रव कमी, आणि व्यापारी गलबतें जवळ येतात. शेती मात्र अद्यापि समोरच्या मुख्य भूमीवर आहे. पुरुष पहाटे होड्या वल्हवीत पलीकडे जातात व केळीं, कसावा नांवाचा कंद आणि मका घेऊन परततात. सरपणहि तिकडूनच येतें. घर बेटावर व शेत डोंगराच्या पायथ्याशीं, अशी ही दोन ठिकाणीं वांटलेली गृहस्थी आहे.

पनामा शहरांतून पहाटे पांच वाजतां जीप निघते. एल् यानो गांवापाशीं हमरस्ता सोडून गाडी उत्तरेकडे वळली कीं खरा प्रवास सुरू होतो. सुमारें ४० किलोमीटरांचा हा घाट डांबरी झालेला असला तरी त्याचे चढउतार इतके उभे आहेत कीं चारी चाकांना जोर देणाऱ्या गाडीवांचून निभाव लागत नाहीं. दोन्ही बाजूंस घनदाट अरण्य लागतें. तें टिकून आहे ह्याचें श्रेय बऱ्याच अंशीं गूनांस दिलें पाहिजे. नव्या रस्त्यामागोमाग जंगल जाळून शेती व गुरेंढोरें करणारे लोक आंत शिरतात, हा शेजारच्या प्रदेशांचा अनुभव ओळखून त्यांनीं १९८० नंतरच्या दशकाच्या आरंभींच आपल्या सरहद्दीवर स्वतःचें राखीव वन ठरविलें व त्यावर स्वतःचे पहारेकरी नेमले.

घाटमाथ्याच्या पुढें एक नाका लागतो. येथें पासपोर्ट दाखवावा लागतो व प्रवेशकर भरावा लागतो. हा कर गूनांच्या स्वतःच्या संस्थांकडे जातो. आमच्या जीपमध्यें असलेला एक युरोपीय तरुण कुरकुरला, “पनामांत येतांना एकदां तपासणी झाली, आतां पुन्हां कशासाठीं?” गाडीवान गूना होता. तो शांतपणें म्हणाला, “तो पनामाचा दरवाजा होता. हा आमचा.” ह्या उत्तरांत त्या प्रदेशाचा सगळा कायदा आला.

कार्ती येथें रस्ता संपतो व समुद्र सुरू होतो. मार्च महिना असल्यामुळें व्यापारी वारे जोरांत होते. नावाड्यानें आमच्या पडश्या प्लॅस्टिकच्या पोत्यांत बांधून होडीच्या नाळेंत टाकल्या व आम्हांला लाटांच्या तुषारांवर सोपवून दिलें. तासाभरानें आम्ही एका लहानशा बेटावर उतरलों. पांच मिनिटांत प्रदक्षिणा पुरी होईल एवढेंच तें बेट. बांबूसारख्या वेताच्या भिंती, झावळ्यांचें छप्पर, खालीं वाळूची जमीन अशा चार खोपटी. निजावयास विणलेली झोळी. आंघोळीस पिंपांतलें मोजकें पाणी. वीज सूर्यप्रकाशावर चालणाऱ्या पाट्यांची, आणि तीहि रात्रीं दोन-तीन तास. बेट कित्येक कुटुंबांच्या सामाईक मालकीचें असल्यामुळें तीं कुटुंबें पाळीपाळीनें येथें येऊन राहतात, पाहुण्यांची व्यवस्था पाहतात व नारळ उतरवितात.

आमच्यांतील एक गृहस्थ शाकाहारी. त्यांचें कसें होणार ह्याची आम्हांला चिंता होती. परंतु नारळाच्या दुधांत शिजविलेला भात, तळलेलीं केळीं व उकडलेला कसावा पाहून त्यांना आपल्या कोंकणांतील आजोळाची आठवण झाली. बाकीच्यांना ताजी मासळी मिळाली. शेवंडी मात्र मिळाली नाहीं. मार्च ते मे हे तीन महिने शेवंडीची पकड बंद असते. एरवींहि ती पकडावयाची ती दम धरून, बुडी मारून. पाठीवर हवेची टांकी बांधून पाण्यांत उतरण्यास गूनांनीं मनाई केली आहे, आणि ती मनाई हौशी पाहुण्यांसहि लागू आहे.

उतरतांच नावाड्यानें आम्हांला आणखी एक नियम समजावून सांगितला. वाळूवर पडलेला नारळहि उचलावयाचा नाहीं. निर्जन दिसणाऱ्या बेटावरील प्रत्येक झाडाला मालक असतो. गूनांच्या व्यवहारांत नारळ हें दीर्घकाळ नाण्याचें काम करीत आलें आहे. कोलंबियाचीं व्यापारी गलबतें येतात, नारळ मोजून घेतात आणि बदल्यांत साखर, तांदूळ, कापड वगैरे जिन्नस देतात. पाहुण्याला जो सहज पडलेला मेवा वाटतो, तो कोणाच्या तरी तिजोरींतला पैसा असतो.

आतां वाचकभगिनींना विशेष आवडेल अशा विषयाकडे वळूं. गूना स्त्रीचा पोषाख दुरूनहि ओळखूं येतो. डोक्यावर लाल-पिवळा रुमाल, नाकाच्या मधल्या पडद्यांत सोन्याचें कडें, हातापायांवर मनगटापासून व घोट्यापासून वर चढत जाणाऱ्या मण्यांच्या घट्ट माळा, आणि अंगांत ‘मोला’ शिवलेली चोळी. मोला ही एक विलक्षण कला आहे. निरनिराळ्या रंगांचीं दोन, तीन किंवा अधिक सुती कापडें एकावर एक ठेवून टांचतात. मग वरचें कापड नक्षीप्रमाणें कात्रीनें कापून त्याच्या कडा आंत दुमडतात व अतिशय बारीक टांक्यांनीं शिवतात, म्हणजे खालचा रंग रेघेरेघेंतून डोकावूं लागतो. आपली गोधडी कापडावर कापड चढवून होते. येथें कापड कापून खालचें कापड उघडें करावयाचें असतें. पुढची व पाठची मिळून दोन मोला एका चोळीला लागतात. त्या जवळजवळ सारख्या दिसतात, पण तंतोतंत सारख्या नसतात. पूर्वीं हीच नक्षी अंगावर रंगवीत असत. व्यापाराबरोबर कापड, सुई व कात्री आली, तेव्हां ती अंगावरून वस्त्रावर उतरली. चांगली मोला पुरी होण्यास कित्येक आठवडे लागतात. हा पैसा स्त्रीच्या हातीं येतो, आणि घरांत तिच्या शब्दाला जें वजन आहे त्यास हेंहि एक कारण आहे.

दुसरें कारण विवाहपद्धतींत आहे. गूनांत लग्नानंतर मुलगी सासरीं जात नाहीं. जांवई मुलीच्या घरीं राहावयास येतो आणि सासऱ्याच्या हाताखालीं शेतांत राबतो. आपल्याकडे ‘घरजांवई’ ह्या शब्दांत जी थट्टा भरली आहे, तिचा तेथें मागमूस नाहीं. तेथें सगळेच घरजांवई. मुलगी वयांत आली म्हणजे तिच्यासाठीं गांवभर समारंभ होतो. जगाची उत्पत्ति करणाऱ्या आदिपित्याला ते ‘बाबा’ म्हणतात व आदिमातेला ‘नाना’. आमच्या मंडळींत ह्या दुसऱ्या नांवावर पुष्कळ विनोद झाला; पण सृष्टीच्या कारभारांत दोघांचाहि सारखा वांटा मानणारी ही कल्पना विचार करण्यासारखी आहे.

हींच आभूषणें व हाच पोषाख एका बंडाचें कारण झाला, हें सांगितलें तर नवल वाटेल. १९०३ सालीं पनामा कोलंबियापासून फुटून स्वतंत्र झाला. नव्या राष्ट्राला आपल्या प्रजेंत एकरूपता हवी होती. बेटांवर पोलिसांचीं ठाणीं बसलीं. नाकांतलीं कडीं उतरविण्याची, पायांतल्या माळा तोडण्याची व मोला टाकून देण्याची सक्ति स्त्रियांवर होऊं लागली. पारंपरिक समारंभांना बंदी झाली, आणि त्यांच्या जागीं शहरी पद्धतीचे नाचाचे क्लब उघडून मुलींना तेथें बोलावण्यांत येऊं लागलें. सुधारणेच्या नांवाखालीं घरच्या लेकीसुनांच्या नथीला हात घालणारा अधिकारी कोणाला सहन होईल? नेले कांतुले व सिमराल कोलमन ह्या दोन पुढाऱ्यांच्या नेतृत्वाखालीं १९२५ च्या फेब्रुवारींत, कार्निवलचा उत्सव चालू असतां, गूनांनीं उठाव केला. रक्तपात झाला, पोलीस व त्यांचे साहाय्यक मारले गेले. अमेरिकेची युद्धनौका ‘क्लीव्हलँड’ तेथें आली, आणि तिच्यावर ४ मार्च १९२५ रोजीं तह झाला. गूनांनीं पनामाचें सार्वभौमत्व मान्य केलें. सरकारानें त्यांच्या चालीरीतींना हात न लावण्याचें वचन दिलें. अमेरिकेनें मध्यस्थी केली ती केवळ परोपकारबुद्धीनें, असें मानण्याचें कारण नाहीं; जवळच पनामाचा कालवा होता व त्या भागांत अशांतता तिला नको होती. परंतु वचन टिकलें. १९३८ सालीं कायद्यानें ह्या भूमीला स्वतंत्र प्रशासकीय प्रदेशाचा दर्जा मिळाला. आजहि दर फेब्रुवारींत गांवोगांव त्या उठावाचें नाट्य करून दाखवितात. २०२५ सालीं त्याची शताब्दी झाली.

ह्या उठावाच्या ध्वजावर स्वस्तिक होतें. आपल्या स्वस्तिकाशीं त्याचा कांहीं संबंध नाहीं. तें त्यांच्या जुन्या नक्षीकामांतील चिन्ह आहे. पुढें जर्मनींतील नाझींमुळें त्याच आकृतीला जगभर बट्टा लागला, तेव्हां १९४२ सालीं गूनांनीं तिच्या मध्यभागीं एक लाल वर्तुळ घातलें. हें वर्तुळ म्हणजे स्त्रियांच्या नाकांतलें कडें. कालांतरानें तें वर्तुळ पुन्हां निघून गेलें. परक्याच्या पापामुळें घरच्या मंगल चिन्हाचा जगाला खुलासा करीत बसावें लागणें म्हणजे काय, हें महाराष्ट्रीय वाचकांस सांगावयास नको.

गूनांचें राज्य कसें चालतें? प्रत्येक गांवांत एक मोठें सभागृह असतें. मध्यभागीं झोळ्या टांगलेल्या असतात व भोंवतीं बांकें. झोळींत गांवाचा प्रमुख, ज्याला ‘साइला’ म्हणतात, तो बसतो. आम्हांला एका मोठ्या गांवीं परवानगी घेऊन सायंकाळच्या सभेस बसतां आलें. साइला पूर्वजांची कथा संथ सुरांत गाऊं लागला. शेजारच्या झोळींतील दुसरा प्रमुख प्रत्येक चरणाच्या शेवटीं ‘असेंच आहे’ अशा अर्थाचा हुंकार देई. गाण्याची भाषा जुनी व रूपकांनीं भरलेली असल्यामुळें सामान्य श्रोत्यांना ती सहज कळत नाहीं. म्हणून गायन संपल्यावर ‘आरगार’ नांवाचा भाष्यकार उठतो व रोजच्या बोलींत अर्थ उकलून त्याचा आजच्या व्यवहाराशीं संबंध लावून दाखवितो. मधून मधून एक पहारेकरी मोठ्यानें ओरडून डुलक्या घेणाऱ्यांना जागें करी. हरदास, झिलकरी, पुराणिक व पेंगणारे श्रोते हें सर्व ज्यांनीं देवळांत पाहिलें आहे, त्यांना त्या सभेंत परकें वाटण्यासारखें फारसें कांहीं नाहीं. फरक एवढाच कीं त्याच सभागृहांत दुसऱ्या दिवशीं जमिनीचे तंटे, प्रवासाचे परवाने व पाहुण्यांचे नियमहि ठरतात. सर्व गांवांची मिळून एक महासभा आहे, आणि तिच्या शिरोभागीं तीन प्रमुख असतात.

पर्यटनाचे नियम ह्या महासभेनेंच केले. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धांत कांहीं परदेशीयांनीं येथें हॉटेलें काढलीं होतीं. त्यांवरून तंटे झाले, मारामाऱ्याहि झाल्या, आणि शेवटीं तीं हॉटेलें उठलीं. १९९६ सालीं महासभेनें ठराव केला कीं गूना-यालांत पर्यटनाचा धंदा गूनांनींच करावा. परक्याला तेथें जमीन विकत घेतां येत नाहीं. गांवांत शिरण्यास परवानगी लागते, माणसाचें छायाचित्र घेण्यापूर्वीं त्याला विचारावें लागतें. मोलाच्या नक्षीला पनामाच्या २००० सालच्या कायद्यानें सामुदायिक मालकीचें संरक्षण मिळालें. २०१९ सालीं अमेरिकेंतील एका बड्या कंपनीनें हीच नक्षी न विचारतां बुटांवर छापण्याचें योजिलें, तेव्हां गूनांनीं हरकत घेतली व तो माल बाजारांत येऊं शकला नाहीं.

एवढें वाचून कोणाला वाटेल कीं हें रामराज्य आहे. तसें नाहीं. वस्तीचीं बेटें अत्यंत दाट आहेत. घराला घर चिकटलेलें, मुलांना खेळावयास जागा नाहीं. केरकचऱ्याची नीट सोय नाहीं, आणि समुद्र देशोदेशींचें प्लॅस्टिक आणून किनाऱ्यावर टाकतो तें वेगळेंच. जागा वाढविण्यासाठीं गूनांनीं स्वतःच वर्षानुवर्षें प्रवाळ तोडून बेटांच्या कडेला भराव घातले. जो प्रवाळ लाटांचा जोर मोडीत असे, तो त्यामुळें क्षीण झाला. शिकलेलीं मुलें शहराकडे जातात. पाहुण्यांच्या पैशानें किनाऱ्याजवळचीं बेटें सुधारलीं. दूरचीं मात्र होतीं तशींच आहेत. हे दोष ते लोक लपवीत नाहींत. सभेंत त्यांवर कडाक्याचे वाद होतात.

परंतु ज्या संकटापुढें सभेचा ठराव चालत नाहीं, तें संकट आतां दाराशीं आलें आहे. हीं बेटें समुद्रसपाटीपासून अर्धा-एक मीटर उंच. पृथ्वीचें तपमान वाढल्यामुळें समुद्र दरवर्षीं तीन-साडेतीन मिलिमीटर चढत आहे. ही वाढ ऐकण्यास क्षुद्र वाटते. पण वर्षाअखेरच्या वाऱ्यांत जेव्हां भरती येते, तेव्हां घराच्या वाळूच्या जमिनीवर घोट्याइतकें पाणी उभें राहतें व चूल विझते. ह्या शतकाच्या मध्यापर्यंत बहुतेक बेटें राहण्यास निरुपयोगी होतील, असा शास्त्रज्ञांचा अंदाज आहे.

‘गार्दी सुग्दुब’ हें त्यांतलें पहिलें मोठें गांव. नांवाचा अर्थ खेंकड्यांचें बेट. फुटबॉलच्या पांच मैदानांएवढ्या जागेंत हजाराहून अधिक माणसें राहत. येथील लोकांनीं गर्दीमुळें मुख्य भूमीवर जाण्याचा विचार २०१० सालींच सुरू केला. सरकारी दिरंगाईंत वर्षें गेलीं, व समुद्र तोंवर वाट पाहत बसला नाहीं. अखेर २०२४ च्या जूनमध्यें सुमारें ३०० कुटुंबांना ‘इस्बेर-याला’ ह्या नव्या वसाहतींतील घरांच्या किल्ल्या मिळाल्या. सुमारें एक कोटि वीस लक्ष डॉलर सरकारानें खर्च केले.

आम्ही दोन्ही गांवें पाहिलीं. बेटावर कांहीं घरांना कुलुपें, कांहींत अद्यापि धूर; कित्येकांनीं जाण्याचें नाकारलें आहे. नवी वसाहत किनाऱ्यापासून चालत अर्ध्या तासाच्या अंतरावर, तांबड्या मातीच्या सपाटीवर. रस्ते रुंद व सरळ, सिमेंटचीं एकसारखीं घरें, मागें परसाला जागा. मुलें सायकली फिरवीत होतीं. बेटावर सायकल फिरविण्यापुरती वाट नव्हती. एका घराच्या पडवींत आजीबाई मोला शिवीत बसल्या होत्या. नात त्यांचें बोलणें स्पॅनिशमध्यें करून सांगे. घर चांगलें आहे, पाऊस आंत येत नाहीं, असें त्या म्हणाल्या. मग थोडें थांबून त्यांनीं सांगितलें, “तेथें रात्रीं समुद्र ऐकूं येत असे. येथें मला अजून झोंप लागत नाहीं.” सिमेंटच्या घराला लागूनच त्यांच्या मुलानें वेताचें व झावळ्यांचें एक खोपट उभें केलें होतें. चूल तेथें पेटते, आणि झोळी तेथेंच टांगलेली असते.

ज्यांच्या नाकांतलें कडें काढण्याची हिंमत पुढें कोणाला झाली नाहीं, त्यांच्या पायाखालची वाळू आज निघून चालली आहे. पोलिसांविरुद्ध उठाव करतां येतो. समुद्राविरुद्ध करतां येत नाहीं. आणि हा समुद्र वाढविण्यांत त्यांच्या वल्हवून चालणाऱ्या होड्यांचा भाग किती? दूरच्या कारखान्यांच्या, मोटारींच्या व विमानांच्या धुराचा हा परिणाम. त्या विमानांत आमच्यासारख्या प्रवाशांचें विमानहि आलेंच. म्हणून अशा ठिकाणीं जाणाऱ्यानें तरी आपण देणारे व ते घेणारे असा समज बाळगूं नये. नाक्यावर कर द्यावा लागला तर कुरकुरूं नये; पडलेल्या नारळाला हात लावूं नये; कोणी छायाचित्रास नको म्हटलें तर तें शेवटचें उत्तर मानावें; मोला घेतांना तिच्यांतील आठवड्यांचे श्रम लक्षांत घेऊन घासाघीस आवरावी. हे नियम लहान आहेत. परंतु गूना लोक आपल्या घराचे धनी आहेत, हें मान्य करण्याची रीत ह्याच लहान नियमांत आहे. आणि घर बेटावर असो कीं डोंगराच्या पायथ्याशीं, त्याचा दरवाजा कोणाला व कसा उघडावा हें ठरविण्याचा हक्क त्यांच्याबरोबर नव्या गांवींहि गेला आहे.